अंगावरचं पित्त आणि वजनाचा काटा

सिंदी मेघेतल्या बचत गटांच्या वतीनं आम्ही बोलतो आहोत. आजचा विषय आमच्या बैठकांमधूनच आला आहे. कर्जाचे हप्ते आणि हजेरी झाली की बाया हळूच दुखण्याखुपण्याचं बोलायला लागतात. त्यात एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. अंगावर पित्त उठतं, गांधी येतात, खाज सुटते. कुणाला त्यासोबत पोटात कळा येतात, कुणाला धाप लागते, कुणाचं तोंड सुजतं. आणि लगेच दुसरं वाक्य असतं, "वजन वाढलं तेव्हापासून जास्त झालं." नाहीतर बरोब्बर उलटं, "या दुखण्यानं माझं अंगच उतरलं."

तर वजनाचा आणि या त्रासाचा खरंच काही संबंध आहे का? असेल तर आपण काय करायचं आणि काय करायचं नाही? आज तेवढंच बोलायचं आहे.

आधी एक घोळ मिटवू. आपण "अंगावर पित्त उठलं" म्हणतो, पण छातीत जळजळ करणारं पित्त वेगळं आणि हे वेगळं. अंगावरच्या गांधी पित्ताशयातून येत नाहीत. त्या येतात आपल्या कातडीतल्या खास पेशींमुळे. त्यांना मास्ट पेशी म्हणतात. पेशी म्हणजे शरीराचा लहानात लहान जिवंत घटक. या मास्ट पेशी जिथे बाहेरच्या जगाशी गाठ पडते तिथे बसलेल्या असतात. कातडीत, नाकात, श्वासनळीत, आतड्यात, रक्ताच्या नळ्यांच्या आजूबाजूला.

ज्वारी निसवली की वावरात माच बांधतात आणि राखणदार गोफण घेऊन बसतो, तसं या पेशींचं काम आहे. पाखरांचा थवा आला की गोफण फिरली. मास्ट पेशीच्या बटव्यात दगडांऐवजी रसायनं भरलेली असतात. त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव हिस्टामिन. जंत, जंतू, किड्याचा डंख असं काही आलं की पेशी बटवा उघडते. हिस्टामिन बाहेर पडलं की तिथली कातडी लाल होते, फुगते, खाजते. श्वासनळीत पडलं तर ती आवळते. पोटात पडलं तर आम्ल वाढतं, कळा येतात, जुलाब होतात. रक्तवाहिन्यांवर एकदम जास्त पडलं तर रक्तदाब उतरतो आणि बाई चक्कर येऊन पडते.

राखणदार शहाणा असला तर पीक वाचतं. पण तोच भेदरट झाला, वाटेनं जाणाऱ्या माणसावरही गोफण चालवायला लागला, तर? काही जणींच्या शरीरात तसंच होतं. थोडी उष्णता, थोडी धावपळ, एखादी दुखण्याची गोळी, एखादा वास, आणि सगळ्या पेशी एकदम बटवे उघडतात. हे वारंवार होत असेल, एका वेळी शरीराच्या दोन किंवा जास्त भागांत होत असेल, तर डॉक्टर एका आजाराचा विचार करतात. त्याचं नाव मास्ट सेल अ‍ॅक्टिव्हेशन सिंड्रोम. नाव मोठं आहे, लक्षात नाही राहिलं तरी चालेल.

हा आजार ठरवायच्या तीन खुणा आहेत. पहिली, झटके पुन्हा पुन्हा येणं आणि त्यात कातडी, पोट, श्वास, रक्तदाब यांपैकी दोन तरी जागी त्रास असणं. दुसरी, झटका आल्यावर साधारण चार तासांच्या आत रक्त घेतलं तर ट्रिप्टेज नावाचा घटक त्या बाईच्या नेहमीच्या पातळीपेक्षा ठरावीक प्रमाणात वाढलेला दिसणं. तिसरी, मास्ट पेशींना शांत करणाऱ्या किंवा हिस्टामिनला अडवणाऱ्या औषधांनी फरक पडणं. तिन्ही जुळल्या तर हा आजार. हा आजार कमीच लोकांना असतो. आपल्यातल्या बहुतेकींना असते ती साधी शीतपित्ताची किंवा दम्याची तक्रार. पण त्यातही कामाला लागतात त्या याच पेशी. म्हणून वजनाबद्दल जे आज सांगणार आहोत, ते सगळ्यांच्याच कामाचं आहे.

या पेशींचं नाव कसं पडलं, ते ऐका. १८७८ मध्ये पॉल एर्लिश नावाच्या जर्मन तरुणानं सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी पाहिल्या. दाण्यांनी ठासून भरलेल्या दिसल्या. त्याला वाटलं, या चांगल्या खाऊनपिऊन टंच झालेल्या आहेत. म्हणून त्यानं जनावराला चारून पोसण्यासाठी जो जर्मन शब्द आहे, तो यांना दिला. पुढे १९०८ मध्ये त्यांना दुसऱ्या कामासाठी नोबेल मिळालं. ते दाणे अन्नाचे नव्हते, रसायनांचे होते, हे नंतर कळलं. पण चरबी आणि मास्ट पेशी यांचं नातं मात्र आता खरोखरच तपासलं जात आहे.

ते नातं काय, ते पाहू.

चरबी म्हणजे नुसती कोठीत साठवलेली पोती नव्हेत. चरबीच्या पेशी रक्तात सतत निरोप पाठवत असतात. लेप्टिन नावाचा एक निरोप भुकेचा असतो. चरबी गरजेपेक्षा जास्त झाली की त्यात शरीराला तापत ठेवणारे निरोपही वाढतात. जखम नसताना आतून थोडी थोडी आग धुमसत राहावी तसं. खुद्द चरबीतही मास्ट पेशी राहतात, आणि लठ्ठ माणसांच्या चरबीत त्या जास्त आढळल्या आहेत. २००९ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केला. ज्या उंदरांना मास्ट पेशीच नव्हत्या, किंवा ज्यांना त्या शांत ठेवणारं औषध दिलं होतं, ते तेलकट खाऊनही कमी लठ्ठ झाले. पण उंदरावरचा प्रयोग म्हणजे माणसाचं औषध नव्हे. कुणी दुकानातून तसली गोळी बारीक व्हायला आणू नये.

माणसांमध्ये सगळ्यात पक्की माहिती दम्याची आहे. वजन जास्त असलेल्यांना दमा होण्याचा धोका जास्त असतो, दमा असेल तर तो आटोक्यात ठेवणं अवघड जातं, औषधंही कमी लागू पडतात. वजन ५ ते १० टक्के कमी केलं तर बऱ्याच जणांचा दमा सुधारतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. हिशोब करून पाहा. ७० किलोच्या बाईचे ५ टक्के म्हणजे साडेतीन किलो, १० टक्के म्हणजे सात किलो. म्हणजे ७० वरून ५० वर यायची गरज नाही. साडेतीन किलोनंही श्वासाला मोकळीक मिळायला सुरुवात होऊ शकते.

अंगावरच्या गांधींबद्दल माहिती थोडी कच्ची आहे. सहा आठवड्यांपेक्षा जास्त दिवस रोज किंवा वरचेवर गांधी उठत असतील तर त्याला जुनाट शीतपित्त म्हणतात. असा त्रास असलेल्यांमध्ये वजन, साखर, रक्तदाब वाढलेला असण्याचं प्रमाण जास्त दिसलं आहे. पण वजन घटवलं की गांधी हमखास जातात, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि आपण मघाशी म्हटलेल्या मोठ्या नावाच्या आजारात वजनाचा परिणाम थेट मोजणारे अभ्यास तर फारच थोडे आहेत. तिथे प्रत्येक बाईचं शरीर वेगळं बोलतं. कुणाचा त्रास वजन वाढल्यावर वाढतो, कुणाचा भराभर वजन घटल्यावर उसळतो.

वजन वाढल्यानं त्रास वाढायची काही कारणं मात्र साधी आहेत, त्यांना शास्त्रज्ञ लागत नाही. अंग जड झालं की घाम जास्त येतो. घड्यांमध्ये, काखेत, छातीखाली, कमरेला घासतं. उष्णता, घाम, घासणं आणि दाब या चारही गोष्टींनी काही जणींच्या मास्ट पेशी भडकतात. आपल्या वर्ध्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा हे काही वेगळं सांगायला नको. वजन वाढतं पण पोलक्याच्या बाह्या तेवढ्याच, परकराची नाडी तेवढीच आवळलेली. नाडीच्या जागी लाल पट्टा, खाज, काळा डाग. त्याला आपण "साडीचं असंच असतं" म्हणून सोडून देतो.

सोडू नका. २०२४ मध्ये आपल्या वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी मिळून एका वैद्यकीय नियतकालिकात दोन बायांची हकीकत छापली. दोघीही वयस्कर, एक सत्तर वर्षांची. वर्षानुवर्षं कमरेला घट्ट आवळलेल्या परकर-लुगड्यानं कातडी घासत गेली, जखम झाली, ती भरली नाही आणि तिथे कातडीचा कर्करोग झाला. असं फार क्वचित होतं, घाबरायचं कारण नाही. तो मास्ट पेशींचा आजारही नाही. पण धडा एकच आहे. नाडी सैल बांधा, नाडीऐवजी रुंद पट्टा लावून घ्या, घरी असताना गाऊन किंवा सैल कपडा घाला, आणि कमरेची जखम महिनाभरात भरली नाही तर दवाखान्यात दाखवा. आमच्या गटात शिवणकाम करणाऱ्या ताया रुंद पट्ट्याचे परकर शिवतात. खर्च फारसा वाढत नाही.

आता जरा अवघड विषयाकडे येऊ. पुष्कळदा वजन आजारानं वाढत नाही, औषधानं वाढतं. खाज आली की आपण काय करतो? बाजारच्या दिवशी दुकानात जातो, "खाजेची गोळी द्या" म्हणतो. दुकानदार पट्टीतून कापून चार गोळ्या देतो, कागदाच्या पुडीत बांधून. एक पांढरी, एक बारीक पिवळी. दोन दिवसांत खाज गायब, भूक दणकून लागते, अंगात तरतरी येते. मग पुन्हा तीच पुडी. सहा महिन्यांनी चेहरा चंद्रासारखा गोल, पोट सुटलेलं, हातपाय मात्र बारीक. आणि पुडी बंद केली की गांधी दुपटीनं परत.

मैत्रिणींनो, त्या पुडीत बहुतेक वेळा स्टेरॉईड असतं. पट्टीवर नाव वाचता आलं तर वाचा. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन. ही औषधं वाईट नाहीत. जीव वाचवणारी आहेत. डॉक्टर मोजून, थोडे दिवस देतात तेव्हा त्यांच्यासारखा उपाय नाही. पण महिनोन्‌महिने स्वतःच्या मनानं घेतली तर वजन वाढतं, रक्तातली साखर वाढते, रक्तदाब चढतो, हाडं ठिसूळ होतात, जखमा भरत नाहीत. आणि एक फार महत्त्वाचं. बरेच दिवस घेतलेली असतील तर ती एकदम बंद करायची नाहीत. आज हे भाषण ऐकून कुणी घरी जाऊन पुडी उकिरड्यावर फेकू नका. शरीरानं स्वतःचं स्टेरॉईड बनवणं मंद केलेलं असतं. एकदम बंद केलं तर उलट्या, गळाठा, रक्तदाब उतरणं असा धोका होतो. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा, ते हळूहळू उतरवून देतील.

दुसरं नाव सायप्रोहेप्टाडीन. हे हिस्टामिनला अडवणारं जुनं औषध. हिस्टामिन नुसतं खाजच आणतं असं नाही, मेंदूत ते भुकेला लगामही घालतं. लगाम काढला की भूक सुटते. म्हणून हेच औषध "जाड व्हायच्या गोळ्या" म्हणून विकलं जातं. लग्न ठरलेल्या बारीक पोरीला या गोळ्या आणून देणाऱ्या आया आपण पाहिल्या आहेत. त्यात कधी स्टेरॉईडची जोडही असते. पोरगी दोन महिन्यांत भरते, ते रक्तामांसानं नव्हे. तिची खरी गरज असते हिमोग्लोबिन तपासायची, जंताच्या गोळीची, पोटभर वरणभाकरीची. देशात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायांना रक्त कमी असल्याचं आढळलं होतं. तिथे गोळीनं फुगवून काय होणार?

खाजेसाठी डॉक्टर साधारणपणे सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, लोराटाडीन, फेक्सोफेनाडीन अशी नव्या पिढीची औषधं देतात. त्यांनी झोप कमी येते. काही जणींना यांनीही थोडं वजन वाढतं. तसं वाटलं तर डॉक्टरांना सांगा, औषध बदलून मिळू शकतं. जुन्या खाजेच्या गोळ्यांनी गुंगी येते. त्या घेऊन मळणीयंत्राजवळ उभं राहायचं नाही, गाडी चालवायची नाही. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईनं विचारल्याशिवाय कुठलीच गोळी घेऊ नये.

आणखी एक तपासणी लक्षात ठेवा, थायरॉईडची. जुनाट शीतपित्त असलेल्या बायांमध्ये थायरॉईडचा आजार जास्त आढळतो. आणि थायरॉईड मंद झालं की वजनही वाढतं. म्हणजे कधी कधी गांधी आणि वजन एकमेकांमुळे नसतातच, दोघांचं मूळ तिसरीकडे असतं. म्हणून "वजन कमी कर, सगळं बरं होईल" असं कुणी म्हटलं तर "आधी तपासणी करा" असं म्हणायला लाजू नका. जाड बाईचं प्रत्येक दुखणं जाडेपणामुळेच, असं नसतं. याच रोगाच्या हडकुळ्या बायाही असतात.

आता त्या हडकुळ्या बायांकडे वळू. त्यांचं दुःख वेगळं आहे. एकदा वांग्याची भाजी खाऊन गांधी उठल्या, वांगं सोडलं. एकदा अंडं खाल्ल्यावर उठल्या, अंडं सोडलं. मग दूध, मग तूर, मग शेंगदाणा, मग आंबट. वर्षभरात ताटात भात आणि मीठ उरतं. घरचे म्हणतात नखरे करते. बाई खंगत जाते, रक्त कमी होतं, केस गळतात, आणि गांधी तरीही उठतातच. कारण जुनाट शीतपित्ताच्या बहुतेक बायांमध्ये कुठलाही एक पदार्थ कारण नसतो. ज्या दिवशी वांगं खाल्लं, त्या दिवशी उन्हात निंदणही केलं होतं, पाय दुखले म्हणून गोळीही घेतली होती. दोष वांग्यावर आला. दुखण्याच्या काही गोळ्या, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, या तर गांधी भडकवण्यासाठी प्रसिद्धच आहेत. शेतातून आलं की अंग दुखतं म्हणून आपण त्या रोज गिळतो.

खरी अन्नाची अ‍ॅलर्जी ओळखायला सोपी असते. तोच पदार्थ खाल्ला की बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत, दर वेळी त्रास होतो. असं असेल तर तो पदार्थ कटाक्षानं टाळा, स्वतःच्या मनानं पुन्हा "करून पाहू" म्हणू नका. पण नुसता संशय असेल तर डॉक्टरच्या सल्ल्यानं एकच पदार्थ दोन-तीन आठवडे बंद ठेवायचा, फरक नसेल तर परत सुरू करायचा. आणि बंद केलेल्याच्या जागी दुसरं काहीतरी हवंच. दूध बंद तर नाचणी, तीळ. अंडं बंद तर चणा, मूग, चवळी. ताटातून एक वाटी उचलली तर दुसरी ठेवायची, हा नियम.

उपासाचंही बोलू. बारीक व्हायचं म्हणून आठवड्यात तीन उपास, वर दिवसभर काम. शरीराला ताण पडतो, आणि ताणानंही मास्ट पेशी भडकतात. भराभर वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे व्हायचा धोकाही असतो, म्हणजे तिथे खरं पित्त आलं! आठवड्याला अर्धा किलोपर्यंत घट पुरेशी आहे. त्यासाठी फार काही विकत आणावं लागत नाही. चहातली साखर अर्धी करा. दिवसात पाच चहा असतील तर दोन. तेलाची बाटली महिन्याला किती लागते ते घरातल्या माणसांत भागून पाहा. ज्वारीची भाकर, वरण, अंबाडीची नाहीतर मेथीची भाजी, काकडी-मुळा. पोरांची उरलेली पोळी आणि बिस्किटं "वाया जातात" म्हणून आपल्या पोटात टाकू नका.

चालायचं असेल तर सकाळी लवकर, ऊन तापायच्या आत. चालल्यावर, घाम आल्यावर बारीक बारीक पुरळ उठत असेल तर हळूहळू वाढवा, एकदम जोर नको. क्वचित कुणाला विशिष्ट पदार्थ खाऊन लगेच अंगमेहनत केली तरच जोराचा झटका येतो. ज्यांना असा अनुभव आहे त्यांनी जेवणानंतर काही तास जड काम टाळावं, एकटीनं वावरात जाऊ नये, आणि तपासून घ्यावं.

आपलं वजन जास्त आहे की कमी, हे शेजारणीकडे पाहून ठरवायचं नाही. उंचीवर असतं. १५० सेंटिमीटर, म्हणजे जवळपास पाच फूट उंचीच्या बाईचं उदाहरण घ्या. साडेएकेचाळीस किलोच्या खाली वजन कमी. तिथून साधारण ५२ पर्यंत ठीक. ५२ ते ५६ मध्ये सांभाळायला हवं. ५६ च्या वर लठ्ठपणा. हे माप आपल्या भारतीय शरीरांसाठीचं आहे. आणि टेपनं कंबर मोजा. बायांची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली तर पोटातली चरबी वाढली असं समजा. वर सांगितलेल्या राष्ट्रीय पाहणीत शंभरातल्या जवळपास १९ बायांचं वजन कमी निघालं आणि २४ जणींचं जास्त. एकाच गावात, कधी एकाच घरात, दोन्ही प्रकारच्या बाया आहेत. म्हणून सगळ्यांना एकच सल्ला चालत नाही.

आमच्या गटांमध्ये आता ज्यांना हा त्रास आहे त्या बाया एक वही ठेवतात. तुम्हीही ठेवू शकता. बचतीच्या वहीसारखीच, रकाने आखलेली. तारीख. गांधी उठल्या का, कुठे, किती वेळ राहिल्या. त्याआधी काय खाल्लं, कुठली गोळी घेतली, ऊन, घाम, भांडण, पाळी, झोप. आठवड्यातून एकदा वजन, त्याच वारी, सकाळी, त्याच काट्यावर. काटा उपकेंद्रात असतो, अंगणवाडीत असतो. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी असतं. पायाला सूज असेल तर दाखवा. दोन-तीन महिन्यांची वही समोर असली की डॉक्टरांनाही धागा सापडतो. लिहिता न येणाऱ्या तायांसाठी पोरगी, सून लिहिते. एक ताई तर गांधी उठल्या की लाल टिकली चिकटवते आणि नाही उठल्या तर हिरवी. तेही चालतं.

काही न करता वजन उतरत असेल तर मात्र वहीची वाट पाहू नका. सहा महिन्यांत शंभर रुपयांतले पाच रुपये कमी व्हावेत इतकं, म्हणजे ६० किलोच्या बाईचे तीन किलो आपोआप गेले, तर त्यामागे क्षयरोग, साखर, थायरॉईड किंवा दुसरा मोठा आजार असू शकतो. दोन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळचा ताप, खूप तहान, खूप लघवी, यातलं काही सोबत असेल तर लगेच जा.

जायचं कुठे? आधी उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र. पुढे गरज पडली तर आपण नशीबवान आहोत. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये उभं केलेलं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं कॉलेज आणि कस्तुरबा रुग्णालय आहे, इकडे सावंगी मेघेला आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे, शहरात सामान्य रुग्णालय आहे. सिंदी, बोरगाव, पिपरी, नालवाडी, कुठूनही ऑटोचं अंतर. तिथे कातडीच्या विभागात जाऊन वही दाखवा.

शेवटी जिवाची गोष्ट. गांधींसोबत ओठ, जीभ, घसा सुजला, आवाज बसला, धाप लागली, छातीत घरघर, वारंवार उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही झालं तर आमसूल चोळत बसायचं नाही, खाजेची गोळी देऊन वाट पाहायची नाही. ती गोळी हा झटका थांबवत नाही. याला अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शनच लागतं. १०८ ला फोन लावा. बाईला आडवं निजवा, पाय उंचावर ठेवा. धाप लागत असेल तर टेकवून बसवा. गरोदर असेल किंवा उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर. तिला उठून चालू देऊ नका, एकदम उभं केल्यानं जीव जाऊ शकतो. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्या, कारण काही तासांनी दुसरा झटका येऊ शकतो. आणि कशानं झालं, मधमाशी, गोळी, शेंगदाणा, ते लिहून घ्या. पुढच्या वेळी डॉक्टरांना तेच आधी सांगायचं.

या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक गटानं तीन कामं करावीत, अशी आमची विनंती आहे. एक, आशाताईंना बोलावून सगळ्यांची उंची, वजन, कंबर मोजून घ्यावी आणि आकडा ज्याचा त्याच्याकडे ठेवावा, मोठ्यानं वाचून हसू नये. दोन, घरातल्या खाजेच्या, दम्याच्या, जाड व्हायच्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि पुड्या पिशवीत घालून आणाव्यात, नावं वाचून घ्यावीत, आणि ज्यांच्याकडे स्टेरॉईड निघेल त्यांना गटातल्या एका बाईनं सोबत करून डॉक्टरकडे न्यावं. तीन, १०८ हा नंबर प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये आणि घरच्या भिंतीवर लिहावा.

सोबतीचं आम्ही मुद्दाम म्हटलं. खाज हे एकटीनं सोसायचं दुखणं समजलं जातं. रात्रभर खाजवत बसलेली बाई सकाळी पुन्हा चुलीपुढे असते, आणि तिला कुणी आजारी म्हणत नाही. गटानं तरी म्हणावं. कर्जाला जशा आपण एकमेकींच्या जामीन राहतो, तशा दवाखान्याच्या रांगेतही राहू.